हाडाच्या आतली वाट

मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलेला तरुण चार-पाच दिवसांत वॉकर धरून वॉर्डात उभा राहतो, तेव्हा भेटायला आलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "रॉड टाकलाय ना?" एक्स-रेवर तो रॉड पांढराशुभ्र उठून दिसतो. बिलात त्याची वेगळी ओळ असते. स्टीलचा घ्यायचा की टायटॅनियमचा, यावर घरात खल झालेला असतो. पण रॉड आत सरकण्याआधी जे हत्यार हाडाच्या पोकळीतून आरपार फिरून आलं, त्याचं नाव रुग्णाला कुणी सांगत नाही आणि त्यालाही विचारावंसं वाटत नाही. ते हत्यार म्हणजे रीमर. रॉड किती जाडीचा बसेल, हाडाला आतून रक्त किती मिळेल, फुप्फुसांवर किती भार येईल आणि शेवटी हाड जुळेल की नाही, यातलं बरंचसं रीमरच्या त्या काही फेऱ्यांमध्ये ठरून जातं.

भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची सरकारदरबारी नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांमध्ये दुचाकीवरच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं होतं. दुचाकीच्या अपघातात जो वाचतो, त्याची मांडी किंवा नडगी मोडलेली असणं ही अस्थिरोग विभागातली रोजची गोष्ट आहे. त्यामुळे रीमर हे काही मोठ्या शहरातल्या मोजक्या रुग्णालयांतलं दुर्मीळ यंत्र नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, जिथे जिथे हाडांची शस्त्रक्रिया होते तिथे ते रोज चालतं.

मांडीचं हाड आतून पोकळ असतं, पण ती पोकळी सरळ आणि एकसारखी नसते. दोन्ही टोकांना ती ऐसपैस असते, मध्ये अरुंद होत जाते. त्या अरुंद भागाला सर्जन इस्थमस म्हणतात. शिवाय संपूर्ण हाडाला पुढच्या बाजूला हलकी कमान असते. भिंती गुळगुळीत नसतात आणि आत चरबीने भरलेली मज्जा असते. अशा जागेत धातूचा सरळसोट दांडा ठोकला, तर तो अरुंद भागात अडकतो किंवा रुंद भागात सैल राहतो. फार जोर लावला तर हाडच आणखी फुटतं.

हाडाच्या पोकळीत काहीतरी घालून ते सांधायची कल्पना मात्र फार जुनी. जुळत नसलेल्या हाडाच्या आत ॲझ्टेक वैद्य लाकडी काडी बसवत, अशी नोंद सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या लिखाणात सापडते. एकोणिसाव्या शतकात युरोपात हस्तिदंताच्या खुंट्या वापरून झाल्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी बंदुकीच्या गोळीने मोडलेल्या हाडांत धातूच्या सळया घातल्या, पण जंतुसंसर्गापुढे त्यांचं फारसं चाललं नाही. त्या काळी मांडी मोडलेल्या माणसाला पायाला वजनं टांगून आठवडेच्या आठवडे, अनेकदा दोन-तीन महिने, पाठीवर पडून राहावं लागे. हाड जुळलं तरी ते आखूड किंवा वाकडं जुळे आणि गुडघा आखडून जाई. काहीजण हाड जुळण्याआधीच न्यूमोनियाने किंवा शिरांतल्या रक्ताच्या गुठळीने दगावत.

हे चित्र बदललं ते जर्मनीत, कील या बंदराच्या शहरात. तिथले सर्जन गेरहार्ड क्युन्चर यांचा जन्म १९०० सालचा, गाव झ्विकाऊ. मांडीच्या हाडाची मान मोडली की तीन पात्यांचा खिळा ठोकायची स्मिथ-पीटरसन यांची पद्धत त्यांना माहीत होती. मानेत खिळा चालतो, तर हाडाच्या दांड्यात का चालू नये, असं त्यांच्या मनात आलं. आधी मृतदेहांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. मग नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या मांडीत पोलादी खिळा, म्हणजेच आजच्या भाषेतला रॉड, ठोकला, आणि १८ मार्च १९४० रोजी बर्लिनमध्ये जर्मन सर्जन परिषदेपुढे आपलं काम मांडलं. सभागृहातल्या ज्येष्ठांना ते मुळीच पटलं नाही. मज्जेची नासधूस करून हाड जगेलच कसं, हा त्यांचा आक्षेप होता. व्हिएन्नाचे लोरेन्झ ब्योलर हे त्या काळातले अस्थिभंगाचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी ही पद्धत स्वतः हाताळून पाहिली, त्यामुळे ती तगून राहिली.

युद्धामुळे ही बातमी जर्मनीबाहेर पोचायला वेळ लागला. जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या मांडीत एक्स-रेला लांबलचक खिळा दिसला आणि अमेरिकी डॉक्टर चक्रावले. 'टाइम' साप्ताहिकाने मार्च १९४५ मध्ये त्यावर मजकूर छापला. क्युन्चर स्वतः तोवर उत्तर फिनलंडमधल्या लष्करी रुग्णालयात काम करून आले होते आणि तिथल्या सर्जनांनाही त्यांनी ही पद्धत शिकवली होती.

पहिले खिळे आधी इंग्रजी व्ही अक्षराच्या आणि नंतर तीन पाकळ्यांच्या छेदाचे होते. ठोकताना खिळा थोडा दबावा आणि आत गेल्यावर फुलून भिंतींना धरावं, असा त्यामागचा विचार. पण भिंतींशी त्याची गाठ पडायची ती फक्त इस्थमसच्या छोट्या टापूत. हाड त्या टापूच्या वर किंवा खाली मोडलं असेल, तर तुकडा खिळ्याभोवती फिरायचा. आणि खिळा बारीक असला तर वाकायचा, मोडायचा.

इथे साधं यंत्रशास्त्र आडवं येतं. भरीव गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिमीऐवजी १२ मिमीचा दांडा घेतला, तर वाकण्याविरुद्धची त्याची ताठरता दुपटीहून थोडी अधिक होते. दोन मिलिमीटरचा फरक एवढा मोठा ठरत असेल, तर आहे त्या पोकळीत मावेल तेवढाच खिळा घ्यायचा की जाड खिळ्यासाठी पोकळीच मोठी करायची? क्युन्चर यांनी दुसरा रस्ता धरला. १९५० च्या दशकात कीलचे उपकरणकार एर्न्स्ट पोल यांच्या साथीने त्यांनी लवचीक दांड्यावर बसवलेले रीमर तयार केले. हाडाची कमान न मोडता, तिच्याबरोबर वळत जाणारं कापण्याचं हत्यार सर्जनच्या हातात आलं. क्युन्चर यांचा खिळा प्रसिद्ध आहे, पण या लेखकाच्या मते त्यांची अधिक दूरगामी करामत रीमर हीच. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही 'के-नेल' हा शब्द कित्येक दशकं रोजच्या वापरात होता. त्यातला 'के' क्युन्चर यांच्याच नावातला.

आज ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा मोडलेली जागा उघडून न पाहताच होते. हाडाच्या वरच्या टोकाशी छोटासा छेद घेऊन ऑल नावाच्या टोकदार हत्याराने भोक पाडतात. त्यातून लांब गाइड वायर आत सोडतात आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत बघत ती मोडलेल्या दोन्ही तुकड्यांतून पार खालपर्यंत नेतात. वायरच्या टोकाला मण्यासारखा गोळा असतो. रीमर पुढे घसरून गुडघ्याच्या सांध्यात घुसू नये आणि आत अडकला तर वायरबरोबर ओढून काढता यावा, यासाठी तो असतो. रीमर आरपार पोकळ असल्यामुळे वायरवर ओवला जातो आणि वायरच्या वाटेनेच फिरतो. पहिली फेरी बारीक मापाची, साधारण ८ किंवा ९ मिमीची. मग अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने माप वाढत जातं.

पुढचं काम हाताला आणि कानाला कळायचं असतं. सुरुवातीला रीमर मज्जेतून सहज जातो. इस्थमसशी आला की कापणाऱ्या कडा हाडाच्या आतल्या भिंतीला लागतात, हँडल थरथरतं आणि खरखर ऐकू येते. या थरथरीला सर्जन 'चॅटर' म्हणतात. ते आलं म्हणजे रीमर घट्ट भिंतीपर्यंत पोचला. मग बसवायच्या खिळ्यापेक्षा साधारण एक ते दीड मिलिमीटर मोठं माप होईपर्यंत रीमिंग करायचं आणि थांबायचं. नेमकं कुठे थांबायचं, हे अनुभवानेच समजतं. घाईने पुढे रेटलं तर पुढची भिंत पातळ होते, रीमर अडकतो आणि आत उष्णता साठते.

बर्लिनच्या सभागृहातला तो आक्षेप अगदीच खोटा नव्हता. मोठ्या हाडाच्या भिंतीचा आतला सुमारे दोन तृतीयांश भाग मज्जेतल्या रक्तवाहिन्यांवर जगतो आणि बाहेरचा भाग हाडावरच्या आवरणातून येणाऱ्या रक्तावर. अमेरिकेतल्या रायनलँडर यांनी साठ-सत्तरच्या दशकांत प्राण्यांवर केलेल्या अभ्यासांतून हे रक्तपुरवठ्याचं गणित स्पष्ट झालं. रीमर फिरला की आतल्या वाहिन्या तुटतात, यात वाद नाही. पण हाड तिथे मरून पडत नाही. बाहेरच्या आवरणातला रक्तप्रवाह वाढतो आणि काही आठवड्यांत आतही नव्या वाहिन्या उगवतात. दुसरी गोष्ट अशी की, रीमरने खरवडलेला हाडाचा भुगा मोडलेल्या जागेत साचतो आणि रुग्णाच्याच जिवंत हाडाचं ते कलम ठरतं. नुकसान आणि मलमपट्टी, दोन्ही त्याच फेरीत होतात. सर्जनांमध्ये रीमिंगवर अर्धं शतक जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हेच आहे.

उष्णतेचं संकट याहून वेगळं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडांवरील प्रयोगातून दाखवलं की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते. ४७ अंश म्हणजे फार काही नव्हे. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी पारा जवळपास तिथवर चढतो. बोथट रीमर, अरुंद पोकळी आणि जोराचा दाब एकत्र आले की हाडात ते तापमान गाठायला वेळ लागत नाही. नडगी तर कातडीच्या लगेच खाली असते, तिच्याभोवती स्नायूंचं आवरण पुरेसं नसतं. स्वित्झर्लंडच्या लॉयनिग आणि हेर्टेल यांनी १९९६ मध्ये नडगीच्या रीमिंगनंतर हाड जळून मेलेल्या तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि अरुंद पोकळीत मोठा रीमर रेटू नका, असा इशारा दिला. मांडीला टुर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, आवळून ठेवलेलं असेल, तर वाहत्या रक्ताने होणारं थंडावणंही थांबतं. म्हणून रीमिंगच्या वेळी ते सैल ठेवण्याकडे अनेक सर्जनांचा कल असतो.

तिसरं संकट फुप्फुसांचं, आणि ते जिवावर बेतणारं. मज्जेने भरलेल्या पोकळीत रीमर पिचकारीच्या दट्ट्यासारखा चालतो. पुढे सरकताना तो चरबी आणि मज्जा जोराने ढकलतो आणि ती उघड्या शिरांमधून रक्तात शिरते, उजव्या हृदयातून फुप्फुसांत जाते. भूल दिलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेत इकोची नळी घालून पाहिलं, तर रीमर फिरताना हे कण हृदयातून जाताना पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. थोड्यांना मात्र एक ते तीन दिवसांत धाप लागते, बुद्धी भ्रमते, छातीवर आणि काखेत बारीक लाल पुरळ उठतं. अस्थिभंगानंतर दाखल झालेला माणूस दुसऱ्या दिवशी उगाच बडबडू लागला, तर अनुभवी निवासी डॉक्टर आधी ऑक्सिजनची पातळी तपासतो, ती या भीतीपोटी.

म्हणजे मांडी लवकर खिळवावी की थांबावं? टेक्सासमधल्या डॅलसच्या पथकाने १९८९ मध्ये १७८ रुग्णांवरच्या अभ्यासात दाखवलं की एकाहून अधिक जखमा असलेल्यांची मांडी पहिल्या २४ तासांत स्थिर केली, तर फुप्फुसांचे त्रास कमी होतात. जगभर लवकर खिळवायची पद्धत रूढ झाली. १९९३ मध्ये हॅनोव्हरच्या पापे यांनी लक्ष वेधलं ते छातीलाही मार बसलेल्या रुग्णांकडे. अशांना घाईने रीमिंग केलं, तर फुप्फुसं निकामी होण्याचा धोका वाढतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या तुलनेत रीमिंग केलेल्यांत आणि प्लेट लावलेल्यांत फरक दिसला नाही. वाद पूर्ण मिटला असं म्हणता येणार नाही, पण त्यातून एक शहाणी वहिवाट तयार झाली. अतिगंभीर रुग्णाला आधी बाहेरून चौकट लावून हाड स्थिर करायचं, श्वास आणि रक्तदाब सावरू द्यायचा आणि रीमरचं काम काही दिवसांनी करायचं.

दरम्यान रीमिंगच टाळावं, असंही अनेकांना वाटू लागलं होतं. क्लेम आणि शेलमान या जर्मन सर्जनांनी १९७२ मध्ये खिळ्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून तो हाडाशी बांधायची युक्ती प्रसिद्ध केली, आणि पुढे स्ट्रासबुर्गच्या ग्रोस आणि केम्फ यांनी ती सर्वदूर पोचवली. स्क्रू तुकड्यांना धरून ठेवतात, मग घट्ट बसणाऱ्या जाड खिळ्याची गरज काय? बारीक भरीव खिळा रीमिंग न करताच घातला, तर रक्तपुरवठाही वाचेल आणि फुप्फुसंही. हा तर्क इतका सरळ होता की त्याच्या बाजूने कितीतरी सर्जन उभे राहिले.

आकड्यांनी निकाल उलटा दिला. कॅनडाच्या अस्थिआघात सर्जनांच्या संघटनेने २००३ मध्ये मांडीच्या अस्थिभंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रीमिंग न केलेल्या १०७ हाडांपैकी ८ जुळली नाहीत, रीमिंग केलेल्या १२१ पैकी फक्त २. त्याआधी १९८४ मध्ये सिएटलच्या विनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी मोडलेली जागा न उघडता रीमिंग करून खिळवलेल्या ५२० मांड्यांचा अहवाल दिला होता. त्यांत ९९ टक्क्यांहून अधिक हाडं जुळली. नडगीचा प्रश्न थोडा निराळा निघाला. मोहित भंडारी आणि सहकाऱ्यांनी कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये मिळून १,३०० हून अधिक रुग्णांवर केलेली 'स्प्रिंट' चाचणी २००८ मध्ये आली. कातडी न फाटलेल्या अस्थिभंगांत रीमिंगचा फायदा दिसला. उघड्या, कातडी फाटलेल्या अस्थिभंगांत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. तर्काने जिंकलेली बाजू आकड्यांनी हरते, ती अशी.

सी-आर्म नाही, विजेचा भरवसा नाही, मोटरवर चालणारा रीमर परवडत नाही, अशा ठिकाणीही हाडं मोडतातच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडचे लुइस झर्कल हे व्हिएतनाम युद्धात काम केलेले अस्थिसर्जन. त्यांनी १९९९ मध्ये 'साइन' ही संस्था सुरू केली. तिच्या पद्धतीत खिळा भरीव असतो, स्क्रूची भोकं बाहेरून लावलेल्या मार्गदर्शक दांड्याच्या आधाराने शोधतात आणि रीमर हाताने फिरवतात. हँडलला जाणवणाऱ्या चॅटरवरून खिळ्याचं माप ठरतं. हाताने फिरणारा रीमर सावकाश चालतो, त्यामुळे तापतही कमी. त्याच्या खाचांमध्ये साचलेला हाडाचा भुगा टाकून न देता मोडलेल्या जागी ठेवतात. सर्जनने केलेल्या शस्त्रक्रियेचे एक्स-रे संस्थेच्या नोंदवहीत पाठवले की वापरलेल्या खिळ्यांच्या बदल्यात नवे मोफत मिळतात. पन्नासहून अधिक देशांमध्ये हे काम पोचलं आहे. गरीब देशांतल्या रुग्णासाठी पैशाइतकीच विचारपूर्वक आखलेल्या हत्याराचीही गरज असते, आणि झर्कल यांनी ती ओळखली याचं मोल फार मोठं आहे.

श्रीमंत देशांत रीमरचा प्रवास दुसऱ्या दिशेने गेला. पुढे कापता कापता मागून पाणी सोडायचं आणि तेच पाणी मज्जेसह खेचून घ्यायचं, अशी रचना या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आरआयए' म्हणतात. हेतू होता पोकळीतला दाब आणि उष्णता कमी करण्याचा. पण गाळणीत जे जमत होतं, ते पाहून सर्जनांचं लक्ष भलतीकडेच गेलं. तो होता मांडीतून निघालेला उत्तम प्रतीचा हाडाचा भुगा, तोही पुष्कळ. हाडाचं कलम हवं असेल, तर कंबरेचं हाड खरवडून काढणं ही जुनी रीत, आणि तिथे दुखणं महिनोन्महिने रेंगाळायचं. आता मांडीच्या पोकळीतून ते मिळू लागलं. हाडाच्या आत पू झालेला असेल, तर पोकळी साफ करायलाही हेच यंत्र वापरतात. रक्तस्राव मात्र बराच होऊ शकतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. यातलं कापणारं टोक एका रुग्णापुरतंच असतं, म्हणजे दर वेळी नवं आणि धारदार.

नेहमीच्या रीमरचं असं नसतं. ते पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरतात. कडांची धार कमी झाली की कापण्याऐवजी घासणं सुरू होतं, आणि मग उष्णता आणि दाब दोन्ही वाढतात. १९९३ मध्ये म्युलर, फ्रिग आणि फिस्टर यांनी रीमरच्या रचनेचा पोकळीतल्या दाबावर होणारा परिणाम मोजला. डोक्यावरच्या खाचा खोल आणि मागचा दांडा बारीक असेल, तर मज्जेला मागे वाहायला वाट मिळते आणि दाब उतरतो. तेव्हापासून नव्या बनावटीचे रीमर याच धर्तीवर घडतात. लवचीक दांडाही बदलला. पूर्वी तो स्प्रिंगच्या गुंडाळीचा असे. उलटा फिरवला तर उलगडायची भीती आणि वेटोळ्यांमध्ये अडकलेलं रक्त धुवून काढणं महाकठीण. आता निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वाकून पुन्हा सरळ होणारे अखंड दांडे आले आहेत.

आपल्याकडे छोट्या रुग्णालयांत बऱ्याचदा इम्प्लांटचा पुरवठादार शस्त्रक्रियेच्या दिवशी पेटी घेऊन येतो. त्यात खिळे असतात, स्क्रू असतात आणि रीमरचा संचही असतो. शस्त्रक्रिया आटोपली की पेटी पुढच्या रुग्णालयाकडे रवाना होते. खिळ्याच्या वेष्टनावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवला जातो. त्यावर बॅच क्रमांक असतो आणि उद्या काही झालं तर माग काढता येतो. ज्या रीमरने पोकळी तयार केली, तो आजवर किती हाडांतून फिरला आहे आणि त्याच्या कडा शेवटच्या कधी तपासल्या, याला मात्र असा स्टिकर नसतो. काही सर्जन शस्त्रक्रियेआधी दिव्याखाली रीमरच्या कडांवरून नजर फिरवतात आणि बोथट वाटला तर पेटी परत पाठवतात. पेटी कुणाचीही असो, प्रत्येक रीमरमागे वापराची एक नोंद ठेवता येईल. ठरावीक हाडांनंतर तो बदलायचा, आणि ती नोंद पेटीबरोबर फिरायची. त्यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही, पेटीत ठेवलेली एक वही पुरते. अशी वही पुरवठादाराकडून मागून घेणं हे त्या पेटीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सर्जनच्या हातात आहे.